म्हसळ्याचे १९४८

१९४८ हे वर्ष आपल्या आठवणीत एकाच तारखेने व्यापले आहे. ३० जानेवारीच्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला आणि त्या वर्षातले बाकी सारे त्या घटनेच्या सावलीत गेले. ते स्वाभाविकही होते. पण त्याच आठवड्यात कोकण किनाऱ्यावर जंजिरा संस्थानच्या म्हसळा महालात नवाबाचा अंमल संपत होता. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याहून पहिली एसटी सुटली, ऑगस्टमध्ये ‘साधना’ साप्ताहिक निघाले, वर्ष सरता सरता पुण्याच्या मैदानावर एका फलंदाजाचा जागतिक विक्रम नऊ धावांनी हुकला. या गोष्टी सुट्या सुट्या सांगितल्या जातात. त्या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू आहेत, असे माझे म्हणणे आहे, आणि तो प्रश्न दिल्लीपेक्षा म्हसळ्यातून अधिक स्वच्छ दिसतो. हे म्हणणे सहज पटण्यासारखे नाही. म्हणून त्यावर घेता येतील ते आक्षेप पुढे प्राध्यापकांच्या तोंडी दिले आहेत. हे प्राध्यापक म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. देशाचे वर्ष राजधानीतूनच वाचावे, असे मानणाऱ्या अभ्यासू बाजूचे ते नाव आहे. दुसरी बाजू माझी.

प्राध्यापक : तुमच्या म्हणण्यात पहिली अडचण प्रमाणाची आहे. देशाचे वर्ष लिहायचे तर त्या वर्षी सबंध देशापुढे जे उभे होते ते लिहावे लागते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये युद्ध चालू होते. निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या. गांधीजी गेले. सप्टेंबरमध्ये हैदराबादेत लष्कर शिरले. ४ नोव्हेंबरला बाबासाहेब आंबेडकरांनी राज्यघटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. या यादीशेजारी म्हसळा लिहिणे हा गावाचा अभिमान झाला, इतिहास नव्हे. प्रत्येक तालुक्याने आपापली घटना आणून ठेवली, तर देशाचा म्हणून काही इतिहासच उरणार नाही. शिवाय अशा स्थानिक हकिगती पुढच्या पिढ्या गोड करून सांगतात. त्यांत सगळे शूर असतात आणि सगळे एका बाजूचे असतात.

लेखक : सर, तुमच्या यादीतली शेवटची गोष्ट घेऊ. घटनेचा मसुदा कशासाठी होता? या देशाचा धनी कोण, हे ठरवण्यासाठी. तोवर धनी दोन प्रकारचे होते. ब्रिटिश मुलखात इंग्रज सरकार आणि साडेपाचशेहून अधिक संस्थानांत राजे आणि नवाब. १५ ऑगस्टला पहिला धनी गेला. दुसरा त्या दिवशी गेला नव्हता. सामीलनाम्यांनी संस्थानांकडून संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढे तीन विषय घेतले. महसूल, न्याय, पोलीस, म्हणजे माणसाच्या रोजच्या आयुष्याला भिडणारे सारे, संस्थानिकाच्याच हाती राहिले. त्यामुळे महाडचा माणूस १५ ऑगस्टला स्वतंत्र झाला आणि त्याच्या शेजारी म्हसळ्यात राहणाऱ्या माणसाच्या चावडीवर मात्र नवाबाचाच हुकूम चालत राहिला. जंजिऱ्याचे सिद्दी मूळ ॲबिसिनियाचे. मुरूडसमोरच्या बेटावरचा त्यांचा किल्ला शिवाजी महाराजांच्या आणि संभाजी महाराजांच्या हाती लागला नाही. पुढे पेशवाई आली आणि गेली, इंग्रज आले, तरी गादी टिकली. संस्थानाचे मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा असे तीन महाल होते आणि दूर काठेवाडच्या किनाऱ्यावर जाफराबाद. राजपुरीच्या खाडीच्या टोकाला, डोंगरांच्या मधोमध वसलेले म्हसळे हा त्यातला आतला महाल. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नानासाहेब पुरोहित आणि मोहन धारिया यांच्या लोकसेनेने म्हसळा आणि श्रीवर्धन ताब्यात घेतले. धारिया तेव्हा तेवीस वर्षांचेही नव्हते. महाड तालुक्यातल्या नाते गावचा हा तरुण पुढे केंद्रात मंत्री झाला. लवकरच नवाबाने विलीनीकरण मान्य केले आणि मार्चमध्ये जंजिरा मुंबई प्रांतात आला. म्हणजे घटना समिती जो प्रश्न कलमांत मांडत होती, तो म्हसळ्यात कचेरीच्या दारात उभा होता. गावाचा अभिमान बाजूला ठेवूनही मला हे उदाहरण लागते, कारण दिल्लीत तो प्रश्न भाषणांत दिसतो आणि इथे कचेरीत कोण बसणार, एवढ्या साध्या रूपात दिसतो.

प्राध्यापक : पण कचेरीत कोण बसणार, हे म्हसळ्यात ठरलेच नव्हते. ते सरदार पटेलांच्या संस्थान खात्यात ठरले होते. त्या खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन डिसेंबर १९४७ मध्येच ओरिसा आणि छत्तीसगडच्या संस्थानिकांच्या सह्या घेऊन मोकळे झाले होते. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यांतल्या बहुतेकांवर कोणी चाल करून गेले नव्हते. सांगली, औंध, फलटण, भोर इथे गादी आपसूक उतरली. जंजिऱ्याचेही तेच झाले असते, लोकसेना असो वा नसो. मग जे होणारच होते, ते सहा आठवडे आधी घडवणाऱ्या तरुणांना वर्षाच्या केंद्रस्थानी कसे आणायचे? त्यांचे धैर्य मला मान्य आहे. त्यांचे कारणत्व मान्य नाही.

लेखक : होणारच होते, हे आपण आज म्हणतो. १९४७ च्या उत्तरार्धात ते कोणालाही ठाऊक नव्हते. दक्षिणेतल्या काही संस्थानिकांनी त्याच वर्षी आपापसांत संघ करून वेगळे टिकून राहण्याचा बेत आखला होता. जुनागढचा नवाब पाकिस्तानात सामील झाला होता. तो प्रश्न सुटला तो दोन्ही टोकांकडून. एकीकडे भारत सरकारने कोंडी केली आणि दुसरीकडे मुंबईत स्थापन झालेल्या आरझी हुकूमतीने, म्हणजे हंगामी सरकारने, सामळदास गांधींच्या नेतृत्वाखाली गावे घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर १९४७ मध्ये जुनागढ भारताच्या ताब्यात आले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये तिथे सार्वमत झाले. लोकसेनेने महाल घेणे, तिरंगा लावणे आणि विलीनीकरणाची मागणी पुढे करणे हा क्रम पाहिला, की जुनागढचा धडा आठवतो. आता तुम्ही सांगली-औंधचे उदाहरण दिलेत. औंधात राजाने स्वतःच १९३९ मध्ये सत्ता लोकप्रतिनिधींकडे दिली होती. त्या प्रयोगामागे गांधीजींचा सल्ला होता. तिथे कोणाला चाल करून जावे लागले नाही, कारण नऊ वर्षे आधीपासूनच ग्रामपंचायती कारभार करत होत्या. इतर संस्थानांतही प्रजा परिषदांनी वर्षानुवर्षे सभा, सत्याग्रह, तुरुंग हे सारे केले होते. मेनन सह्या घ्यायला गेले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. त्या कागदाला वजन आले ते राजवाड्याबाहेर उभ्या असलेल्या लोकांमुळे, आणि हे समोरच्या राजालाही कळत होते. पटेलांच्या संस्थान खात्याने या असंतोषाकडे बोट दाखवूनच अनेक राजांना वळवले. एवढे मात्र मी मान्य करतो की भारत सरकार पाठीशी नसते, तर म्हसळ्यातला तो अंमल फार टिकला नसता. संस्थानचे शिपाई परत आले असते आणि पुढारी तुरुंगात गेले असते. पण पाठीशी सरकार असणे आणि सरकारनेच सारे करणे यांत अंतर आहे. त्या अंतरात लोक उभे होते.

प्राध्यापक : त्या लोकांविषयीच मला बोलायचे आहे, आणि हे बोलताना मला यातना होतात. तुम्ही म्हसळ्यातले जमलेले लोक दाखवता. त्याच आठवड्यात महाराष्ट्रात आणखी लोक जमले होते. गांधीजींचा खुनी पुण्याचा आणि ब्राह्मण आहे हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत, पुण्यात, नागपुरात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीत गेला. माणसे मारली गेली. शेकडो कुटुंबे गाव सोडून गेली ती परतलीच नाहीत. सप्टेंबरमध्ये हैदराबादच्या कारवाईनंतर मराठवाड्यात निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी केली आणि तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. हेही लोकच होते. मग लोक देशाचे धनी झाले, असे तुम्ही आनंदाने कसे सांगता? तुमची लोकसेनाही शेवटी कायद्याच्या बाहेर जमलेला जमावच होती. नशिबाने तिचा शेवट चांगला झाला, एवढेच.

लेखक : हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याला उत्तर देताना मी यातले काहीही लहान करणार नाही. घरे जाळणारे लोक होते, आणि त्यांतले बरेच गांधीजींच्या शोकात स्वतःला गांधीवादी समजत होते. महाराष्ट्राने या गोष्टीवर आजवर पुरेसे लिहिलेले नाही. कथाकादंबऱ्यांत ती थोडीफार आली, सार्वजनिक बोलण्यात फारच कमी. पण तुम्ही लोकसेना आणि हे जमाव एका ओळीत ठेवलेत, ते तपासून पाहू. जमावाला कोणाकडेही काही सोपवायचे नसते. त्याचे काम घर जळाले की संपते. लोकसेनेचे काम महाल घेतल्यावर संपले नाही. तिची मागणी विलीनीकरणाची होती. म्हणजे मिळालेला ताबा स्वतःकडे न ठेवता निवडून आलेल्या सरकारच्या आणि कायद्याच्या स्वाधीन करायचा होता, आणि तसा तो केला गेला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या प्रांतात जंजिरा आला, कुलाबा जिल्ह्याचा भाग झाला, आणि लोकसेना तिथे राज्य करत बसली नाही. कायद्याबाहेरच्या कृतीचा निवाडा ती कुठे जाऊन थांबली यावरून करावा लागतो. आता त्याच महिन्यांतला आणखी एक माणूस पाहा. साने गुरुजी मूळचे पालगडचे, म्हणजे म्हसळ्याहून सावित्री ओलांडली की लागणाऱ्या मुलखातले. गांधीहत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ सुरू केले. जे घडले त्याची जबाबदारी आपल्या समाजाची आहे, हे मान्य करून तिला उत्तर म्हणून एक साप्ताहिक काढणे, ही त्या वर्षाच्या सांस्कृतिक जीवनातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ते साप्ताहिक कोणा राजाच्या देणगीवर जगले नाही, वाचकांवर जगले. लोक देशाचे धनी झाले, याचा अर्थ लोक चांगले झाले असा मी करत नाही. आपल्या वाईटाचा जाब आता आपल्यालाच द्यायचा आहे, अशी स्थिती १९४८ मध्ये पहिल्यांदा आली. फेब्रुवारीतल्या जाळपोळीचा दोष कोणा व्हाइसरॉयवर टाकता येत नव्हता.

प्राध्यापक : संस्कृतीचा विषय निघालाच आहे, तर राजांनी काय दिले तेही सांगा. तुम्ही संस्थानिकाला फक्त धनी म्हणून पाहता. तो आश्रयदाताही होता. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत विजय हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. एका कसोटीत दोन शतके काढणारे ते पहिले भारतीय. समोर ब्रॅडमनचा संघ होता, आणि त्याच सामन्यात दत्तू फडकरांनी १२३ धावा केल्या. हजारे सांगलीचे. त्यांना नोकरी देऊन खेळत ठेवले ते बडोद्याच्या दरबाराने. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला खाशाबा जाधव गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या पैशाने. मॅटवरच्या कुस्तीची सवय नसतानाही ते फ्लायवेटमध्ये सहावे आले. चार वर्षांनी, राजे गेल्यावर, तेच खाशाबा हेलसिंकीला निघाले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. तुमच्या नव्या धन्याने त्यांच्यासाठी काय केले? गोळेश्वरच्या या मल्लाला राजाने पाठवले होते, प्रजासत्ताकाने पाठवले नाही. हा हिशेब तुमच्या विरुद्ध जातो.

लेखक : जातो, आणि तो लपवायचे कारण नाही. १९५२ मध्ये सरकारने खाशाबांकडे पाठ फिरवली, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर, २००० साली मिळाला. पण आश्रयाचा हिशेब पुरा करायचा तर त्याच वर्षाच्या डिसेंबरकडे यावे लागते. पुण्यात रणजी करंडकाचा सामना चालू होता, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडचा डाव २३८ वर आटोपला. मग भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उतरले. कमल भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. त्यांत भांडारकरांच्या २०५. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनने १९३० मध्ये न्यू साउथ वेल्सकडून काढलेल्या नाबाद ४५२ धावा तेव्हा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये जगात सर्वोच्च होत्या. विक्रमाला दहा धावा हव्या होत्या, म्हणजे एकदोन षटकांचा प्रश्न होता. मध्यंतरात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की आम्ही सामना सोडतो. एकदोन षटके खेळू द्या, मग आम्ही डाव घोषित करतो, अशी विनंती महाराष्ट्राकडून झाली. ती मानली गेली नाही. संघ निघून गेला. पुढे ब्रॅडमनने निंबाळकरांना कळवले की तुमची खेळी मला माझ्याहून सरस वाटते. निंबाळकरांना कसोटी क्रिकेट कधीच खेळायला मिळाले नाही. नाबाद ४४३ ही आजही भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जातली सर्वोच्च धावसंख्या आहे.

प्राध्यापक : ही एका माणसाच्या मानापमानाची गोष्ट झाली. आपल्या गोलंदाजांवर विश्वविक्रम नोंदला जाऊ नये, असे कोणत्याही कर्णधाराला वाटेल. गिरणी कामगाराचा मुलगा कर्णधार असता, तरी कदाचित हेच झाले असते. त्यावरून संस्थानशाहीवर निकाल कसा देता?

लेखक : वाटले असते, हे खरे. वाटणे आणि करता येणे यांत फरक आहे, आणि तारखा पाहिल्या की तो कळतो. काठेवाडातली संस्थाने फेब्रुवारी १९४८ मध्येच एकत्र येऊन सौराष्ट्र झाली होती. जंजिऱ्याचे जाफराबादही त्याच वर्षी नवाबाच्या हातून सुटले. म्हणजे डिसेंबरमध्ये राजकोटवर ठाकोरसाहेबांचे राज्य नव्हते, पण संघ त्यांच्या हातात होता. ते ‘चला’ म्हणाले आणि दहा खेळाडू चालू लागले. राज्य कागदावरून गेले होते, मैदानावरून गेले नव्हते. हा सामना मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांना लंडनला पाठवले, राजकोटच्या ठाकोरांनी निंबाळकरांची खेळी मध्येच थांबवली. पाठवणारा हात उदार होता आणि थांबवणारा हात कोता होता, असा भेद करून भागत नाही. दोन्हीकडे निर्णय एका माणसाच्या मर्जीचा होता, आणि मर्जी विरुद्ध गेली तर दाद मागायला जागा नव्हती. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले, ही प्रजासत्ताकाची नामुष्की. पण १९५२ नंतर तिच्यावर सरकारला जाब विचारता येतो, विधिमंडळात प्रश्न मांडता येतो, वर्तमानपत्रात लिहिता येते, आणि आपण आज इथे तेच करत आहोत. राजाने पैसे दिले नसते तर त्याला कोणी काय विचारले असते? आश्रय मोठा असेल, हक्काने मागता येणारी गोष्ट त्याहून वेगळी असते. ती मिळायला उशीर लागला, काही वेळा ती मिळालीच नाही, हे तुमचे म्हणणे मी पदरात घेतो.

प्राध्यापक : उशिराचे बोलायचे तर म्हसळ्याकडेच परत चला. विलीनीकरण झाले, तिरंगा लागला, पण कुळाच्या घरात काय बदलले? कोकणात जमिनीवर खोत बसला होता. नवाब गेला तरी खोत राहिला. १ जून १९४८ ला एसटी निघाली, पण ती पुण्याहून अहमदनगरला गेली, म्हसळ्याला नाही. रेल्वे आजही म्हसळ्याला नाही, माणगावला उतरावे लागते. पोटासाठी मुंबईला जाणारा माणूस १९४७ मध्ये जात होता, १९४९ मध्येही जातच होता. आणि ज्या गोष्टीला आपण दोघांनीही हात घातला नाही ती अशी, की म्हसळ्यात कोकणी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. फाळणीला सहा महिने झाले होते. मुसलमान नवाबाची गादी हिंदू पुढाऱ्यांच्या चळवळीने उतरली, ही गोष्ट त्यांना कशी वाटली असेल? तुमचा मुक्तीचा शब्द त्यांच्यासाठी भीतीचा असू शकतो.

लेखक : दोन्ही प्रश्न योग्य आहेत. आधी जमिनीचा घेतो. तुमच्या बाजूला आणखी एक पुरावा आहे, तो मीच देतो. खोतीविरुद्धची लढाई कुलाबा जिल्ह्यातच पेटली होती. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. १९४८ मध्ये मुंबई प्रांताचा कूळ कायदा झाला, १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा. पण जंजिरा संस्थानातून आलेल्या मुलखाला हे एका झटक्यात मिळाले नाही. जंजिरा आणि भोर या विलीन प्रदेशांसाठी खोती रद्द करणारा वेगळा कायदा १९५३ मध्ये करावा लागला. शेजारच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याहून म्हसळ्याच्या शेतकऱ्याला चार वर्षे जास्त थांबावे लागले, केवळ तो नवाबाच्या हद्दीत जन्मला म्हणून. या चार वर्षांवरून मी वेगळा निष्कर्ष काढतो. १९४८ मध्ये विलीनीकरण झाले नसते, तर १९५३ चा कायदा करायला कोण बसले होते? नवाबाच्या राज्यात खोती रद्द करण्याची मागणी करता आली असती, ती मंजूर करणारे निवडून दिलेले विधिमंडळ नव्हते. वर्षाची किंमत त्याच वर्षी पदरात काय पडले एवढ्यावर करायची ठरवली, तर १९४७ ची किंमतही फाळणीएवढीच उरते. एसटीचेही तसेच. पहिली गाडी नगरला गेली. पण ज्या महामंडळाच्या लाल गाड्यांनी रेल्वे नसलेले कोकण पुढे मुंबईशी बांधले, त्याची सुरुवात त्या जूनमध्ये आहे, आणि ती सुरुवात खासगी मोटारवाल्याच्या सोयीने चालणारा रस्ता सार्वजनिक करण्याची होती.

मुसलमानांच्या भीतीबद्दल मी त्यांच्या वतीने बोलणार नाही. फाळणीनंतरच्या त्या हिवाळ्यात भीती होती हे कोणीही सांगेल, आणि हैदराबादनंतर ती वाढली असेल. ती भीती खोटी होती असे म्हणायला मी धजत नाही. पण गादी आणि समाज एक नव्हेत, हे त्यानंतरच्या तीस वर्षांत याच तालुक्याने दाखवले, आणि तो पुरावा कागदोपत्री आहे. आज म्हसळा तालुक्यात असलेल्या आंबेत गावी १९२९ मध्ये अब्दुल रहमान अंतुले जन्मले. १९६२ मध्ये श्रीवर्धन मतदारसंघातून ते विधानसभेवर गेले. त्या मतदारसंघात बहुसंख्य मतदार हिंदू होते. जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, राज्याचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री. १ जानेवारी १९८१ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. शिवाजी महाराजांना जो किल्ला घेता आला नाही, त्या किल्ल्याच्या जुन्या मुलखातल्या कोकणी मुसलमानाने महाराजांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला दिले. नवाबाच्या राज्यात आंबेतच्या एखाद्या हुशार मुलाला दरबारी नोकरी मिळाली असती. राज्याचे प्रमुखपद मागण्याचा हक्क तिथल्या कोणालाच नव्हता, ना हिंदूला, ना मुसलमानाला. ती जागा एका घराण्याची होती.

प्राध्यापक : अंतुल्यांचे उदाहरण तुम्ही अर्धेच सांगता. त्यांची कारकीर्द संपली कशी? त्यांनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानासाठी घेतलेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध न्यायालयाने जोडला आणि त्यांना जावे लागले. तालुक्यातून आलेल्या माणसाच्या हातात सत्ता आली आणि तीही मर्जीने वापरली गेली, असे कोणी म्हणाले तर? नवाबाची मर्जी गेली आणि मुख्यमंत्र्याची आली.

लेखक : म्हणूनच ते उदाहरण मी अर्धे सोडणार नव्हतो. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो निकाल दिला आणि अंतुल्यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या निकालाबद्दल आणि अंतुल्यांच्या कारभाराबद्दल मतभेद आहेत. निराधारांसाठी त्यांनी सुरू केलेल्या योजनेमुळे कोकणातली कितीतरी माणसे आजही त्यांच्याविषयी आदराने बोलतात, आणि ते चूक नाही. पण मर्जीने चालण्याचा मोह नव्या राज्यकर्त्याला होणार नाही, असे मी कुठे म्हटले? वर्तमानपत्राने आरोप छापले, नागरिक याचिका घेऊन न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने राज्यातल्या सर्वांत समर्थ माणसाविरुद्ध निर्णय दिला. जंजिऱ्याच्या प्रजेतल्या कोणाला १९४७ मध्ये नवाबाच्या हुकमाविरुद्ध दाद मागायची असती, तर नवाबाच्याच अमलाखालच्या कचेरीपलीकडे वाट नव्हती, आणि ती बंद झाली की महाडहून हत्यारे घेऊन येणाऱ्या तरुणांची वाट पाहावी लागे. १९८२ मध्ये आंबेतच्या मुख्यमंत्र्याला पायउतार व्हायला लावण्यासाठी कोणाला म्हसळ्याची कचेरी ताब्यात घ्यावी लागली नाही.